थांबेल तो उमटेल

१

ताईच्या तोंडी दिवसभर एकच पालुपद असे: "हलू नका." पासपोर्टचा फोटो असो की लग्नाच्या जोडप्याचा, गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की ताई त्याची हनुवटी दोन बोटांनी वर करणार, खांद्यावरचा केस झटकणार आणि कॅमेऱ्यामागे जाऊन हुकूम सोडणार. मोठमोठे साहेब तिच्यापुढे शाळकरी पोरांसारखे चिडीचूप बसत. आता, हलू नका म्हटलं की माणसाचं लाकूड होतं हेही खरंच. त्या लाकडाला हसवायचं कामही मग तिचंच. त्यासाठी तिच्या पिशवीत पिळलं की किंचाळणारं एक रबरी बदक असे, आणि बदकाने भागलं नाही तर ताई स्वतः जीभ काढून दाखवायला मागेपुढे पाहत नसे.

त्या शरदात तिच्याकडे एक वेगळंच काम आलं. गाडीने अर्ध्या दिवसावर एक जुनं गाव होतं. दगडी गल्ल्या, तटबंदी, घड्याळाचा मनोरा असं सगळं साग्रसंगीत. पानगळीच्या दिवसांत तिथे पर्यटकांची अशी झुंबड उडे की भिंतींपेक्षा टोप्याच जास्त दिसत. तिथल्या एका हॉटेलमालकांना जेवणघरात लावायला गावाचे मोठे फोटो हवे होते, आणि त्यात पर्यटक औषधालाही नको होता.

दिवसाढवळ्या भरलेली गल्ली रिकामी करायची युक्ती फोटोवाल्यांना ठाऊक असते. लेन्सपुढे गडद काळी काच लावायची, कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि शटर चांगलं काही मिनिटं उघडं ठेवायचं. काळ्या काचेतून उजेड अगदी थोडा थोडा आत येतो. जो चालत जातो त्याचा मागमूस राहत नाही. घर, भिंत, दिव्याचा खांब, जे जागचं हलत नाही तेवढंच उमटतं.

मालकांची आणखी एक फर्माईश होती. प्रत्येक फोटोत एक माणूस हवं, पाठमोरं. नुसत्या भिंती बघून गिऱ्हाइकाची भूक मरते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तेवढा वेळ तसूभरही न हलणारं माणूस शोधायला हवं होतं, आणि तसं माणूस ताईच्या घरातच बसलेलं होतं.

२

धाकट्या बहिणीला सगळे भिंगरी म्हणत. ते नाव तिने कमावलेलं होतं. ती प्राथमिक शाळेत खेळाची बाई. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. जेवतानासुद्धा तिचा एक पाय टेबलाखाली ठेका धरलेला असे. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा सकाळी दूध आणायला म्हणून उठला आणि चपला घालता घालता गेला. तेव्हापासून भिंगरी जी बसली ती बसलीच.

ताई तिला आपल्या घरी घेऊन आली. चहा पुढे ठेवला तर ती पिई, चल म्हटलं तर चाले, बस म्हटलं तर खिडकीशी हात मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत बसे. रडली असती तरी ताईला हायसं वाटलं असतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, चालायला न्या. नातेवाईक म्हणाले, काळ हेच औषध. ताईला मात्र काळाचा भरवसा नव्हता. बहीण रोज थोडी थोडी दूर चाललीय आणि एक दिवस खिडकीशी नुसती खुर्ची उरेल, असं तिला वाटायचं. फोटोंचं काम हा बहाणा होता. ताईला आपली भिंगरी परत हवी होती, बस.

"मी काय करू तिथे येऊन?" भिंगरी म्हणाली.

"काहीच नाही करायचं. तेच तर हवंय."

३

मालक गोलमटोल आणि बडबडे होते. सकाळी स्टेशनवर घ्यायला आले आणि बॅग उचलून जे चालू लागले ते थांबायचं नावच घेईनात.

"बोलूया चालता चालता," ते म्हणाले. "आमच्या गावात सगळ्यांच्याच पायाला भिंगरी!"

"माझ्याकडे पण एक आहे," ताई म्हणाली, "पण तिची दोरी तुटलीय." भिंगरी कसनुसं हसली. तेवढंही ताईला पुरलं.

गाव खरोखर देखणं होतं. पिवळी पानं दगडी पायऱ्यांवरून घरंगळत होती, कोवळ्या उन्हात भिंती मधासारख्या दिसत होत्या. पर्यटक ठिकठिकाणी घोळक्याने उभे. गावची माणसं मात्र सारखी हलत होती. फळवाली पैसे घेताना या पायावरून त्या पायावर झुलत होती. पोस्टमन दार उघडेपर्यंत उंबऱ्याशी जागच्या जागी पाय आपटत होता. अख्ख्या पेठेत बसायला म्हणून एक बाक नव्हता. थंडी असेल, ताईने मनाशी म्हटलं. आपल्यालाही नाही का सकाळी बोटं चोळावी लागत?

पहिला फोटो चिंचोळ्या गल्लीत घ्यायचा ठरला. ताईने भिंगरीला एका निळ्या दाराजवळ पाठमोरं उभं केलं, काळी काच चढवली आणि शटर उघडलं. पर्यटकांचा लोंढा चालूच होता. मालक कॅमेऱ्याभोवती येरझाऱ्या घालत जेवणघराच्या पडद्यांबद्दल सांगत राहिले. भिंगरी अशी उभी होती की बघणाऱ्याने तिच्यावर छत्री अडकवावी.

फोटो उमटला तेव्हा ताईची कळी खुलली. गल्ली धुतल्यासारखी रिकामी, निळं दार, पाठमोरी भिंगरी, कडा अगदी रेखीव. आणि गल्लीच्या पार टोकाला, भिंतीला लागून, आणखी कोणीतरी होतं. करड्या कपड्यांतली एक बाई. तीही पाठमोरी.

ताईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाई अगदी स्पष्ट होती. म्हणजे शटर उघडल्यापासून मिटेपर्यंत ती तिथे उभी होती आणि जराही हलली नव्हती. पण ताईने गल्लीत नजर टाकली होती तेव्हा त्या भिंतीशी कोणी नव्हतं. की होतं? मालकांच्या पडद्यांनी डोकं उठवलं होतं, लक्ष कुठे होतं आपलं? असेल कोणी दमलेली बाई, जरा टेकली असेल. ताईने विषय मिटवला.

४

दुसरा फोटो तटबंदीच्या पायऱ्यांवर. तिथे झाडं होती आणि पानं सारखी पडत होती. या वेळी मालक हॉटेलात गेले होते. ताई कॅमेऱ्याशी एकटीच होती, आणि भिंगरी पायऱ्यांच्या मध्यावर.

फोटो आला. पायऱ्या रिकाम्या, झाडं सोन्यासारखी, आणि करड्या कपड्यांतली ती बाई पायऱ्यांच्या तळाशी. आता पुष्कळ जवळ. कपड्याच्या चुण्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. भिंगरी मात्र पुसट होती. तिच्या स्वेटरमधून मागच्या दगडांच्या सांधी दिसत होत्या.

ताईने फोटो दोनदा मोठा करून पाहिला. मग तिने स्वतःलाच दटावलं. एवढी वर्षं या धंद्यात घालवली आणि घाबरायचं कशाला? पुसट माणूस म्हणजे हललेलं माणूस. अर्धा वेळ उभं राहून निघून गेलं की माणूस असंच अर्धवट उमटतं, त्यात भुताटकी कसली?

"हललीस ना गं मधेच?" तिने हाक मारून विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस. कुठे गेली होतीस?"

"ताई, तू समोरच होतीस की," भिंगरी म्हणाली. "मी कुठे जाणार?"

तेही खरंच होतं. ताईने तिच्या पाठीवरून नजर काढली नव्हती. ती तिथेच होती. पण कॅमेऱ्याच्या हिशेबाने ती अर्धाच वेळ तिथे होती, आणि तिच्या खाली उभी असलेली बाई पूर्ण वेळ. ताईने भिंगरीला फोटो दाखवला नाही. बॅटरी उतरतेय, एवढंच म्हणाली.

५

दुपारी दोघी मालकांच्या जेवणघरात कॉफी प्यायला बसल्या. जेवणघर ऐसपैस, पांढऱ्या भिंतींचं, फोटोंसाठी खिळे आधीच ठोकून ठेवलेले. वाढणारी मुलगी लगबगीने आली आणि एकच कप ठेवून वळली.

"अहो, दोन सांगितले होते," ताई म्हणाली.

मुलीने टेबलाकडे पाहिलं, भिंगरीच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि डोळे बारीक केले. मग एकदम दचकून म्हणाली, "अगं बाई! माफ करा हं. माझं लक्षच नाही गेलं." तिने दुसरा कप आणला. कप ठेवून ती जवळजवळ पळालीच.

ताईने बहिणीचा हात हातात घेतला. हात गार होता, पण तोंडावर कधी नव्हे ती तकाकी होती.

"ताई," भिंगरी म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीआधी अजून एक फोटो होईल ना?"

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हिवाळ्यापासून आजपर्यंत या पोरीने तोंडाने काही म्हणून मागितलं नव्हतं. साधं मीठसुद्धा नाही.

"तुला आवडतंय?"

"तिथे उभं राहिलं ना, की फार बरं वाटतं. काही आठवत नाही. कोणी काही विचारत नाही." ती कपात बघत म्हणाली. "आणि एकटं वाटत नाही."

शेवटचं वाक्य ताईला टोचलं. पण मागणं इतकं छोटं होतं, आणि मागणारी इतक्या दिवसांनी बोलत होती. ताईचं मन एकीकडे म्हणत होतं, उचल बाडबिस्तरा आणि चल. दुसरीकडे म्हणत होतं, लोक पोटच्या पोराच्या हट्टापायी चंद्र मागवतात, तुला बहिणीसाठी एक फोटो जड झाला? शेवटी मायेने डाव साधला. ताई उठली आणि चुकली.

६

तिसरी जागा म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्यासमोरचा चौक. मधोमध एक जुना वृक्ष, खाली पानांचा सडा, भोवती सगळीकडे माणसं. भिंगरी कोणी न सांगता चालत गेली आणि एका जागी जाऊन थांबली. जागा आधीच ठरल्यासारखी. ताईने शटर उघडलं, आणि या वेळी स्वतःला शपथ घातली की पापणी लवू द्यायची नाही.

वारा सुटला. पानं उतरू लागली. एक मोठं पान भिंगरीच्या खांद्यावर आलं, आणि खांद्यावर टेकलं नाही. ते तसंच खाली गेलं आणि जमिनीवर पडलं.

ताईने डोळे चोळले. तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक माणूस भिंगरीच्या दिशेने आला. तो बाजूला झाला नाही. भिंगरीही झाली नाही. तो पलीकडे गेला तेव्हा ती होती तिथेच होती, आणि तो काही झालंच नसल्यासारखा खिशातला रुमाल शोधत होता.

"पुरे!" ताई ओरडली. "झालं गं, ये आता!"

भिंगरी वळली नाही. ताईने पुन्हा हाक मारली, मग नाव घेऊन, मग लहानपणी आई मारायची तशी, सूर लावून. काही नाही. कॅमेरा तसाच उघडा टाकून ताई धावली. दंड धरून तिने बहिणीला ओढलं. दंड हाताला लागत होता, पण मनोऱ्याचा चिरा ओढावा तसं झालं. भिंगरीचा चेहरा शांत होता, ओठांवर हसू होतं. आणि नजर तिच्या डाव्या बाजूला कोणावर तरी लागलेली होती. तिथे कोणी नव्हतं. फक्त त्या एवढ्याशा जागेवर एकही पान पडत नव्हतं.

मग ताईलाही बरं वाटायला लागलं.

तिचे गुडघे वर्षानुवर्षं कुरकुरत असत, ते गप्प झाले. चौकातला गलका विरत गेला. गाडी चुकेल, बिलं द्यायचीत, दुकानाचं कुलूप नीट लागलं का, सगळं कोणी हलक्या हाताने पुसून घेतलं. एकदा थांबलं की झालं, तिला वाटलं. किती सोपं आहे हे. तिच्या उजव्या हाताला, जिथे कोणी नव्हतं तिथून, कोणीतरी जरा सरकून जागा करून दिली.

ताई उभ्या जन्मात कोणी दिलेल्या जागेवर बसली नव्हती. स्टूल दाखवायची ती, बसायचे दुसरे. "मला हलू नका सांगतेस?" ती दातओठ खाऊन म्हणाली. "मला?"

आणि तिने पाय आपटला. गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली. इतकी झकास कळ तिला आजवर आली नव्हती.

७

तिने पिशवीतून बदक काढून भिंगरीच्या कानाशी पिळलं. चौकातले पर्यटक वळून पाहू लागले. भिंगरी नाही. ताईने जीभ काढली, गाल फुगवले, मांजर झाली, मामंजींची नक्कल केली. आजवर या नकलेने न हसलेलं माणूस तिने पाहिलं नव्हतं. भिंगरीच्या ओठांवरचं हसू होतं तेवढंच राहिलं. ते ताईसाठी नव्हतंच मुळी. तिच्या गालातून आता मनोऱ्याची कड दिसत होती.

ताईला रडू कोसळलं. तशा रडण्यातही हात रिकामे राहू नयेत म्हणून की काय, तिने जे सुचलं ते केलं. छाती पुढे काढली आणि खच्चून ओरडली, "सावधान! कदमताल... सुरू कर!"

आणि स्वतःच सुरू झाली. एक, दोन, एक, दोन. जाडजूड ताई, गळ्यात कॅमेऱ्याचा रिकामा पट्टा, गालांवर पाणी, हातात बदक. तिला कवायत कधीच जमली नव्हती. तिने उजवा पाय आधी उचलला. उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे, डाव्याबरोबर डावा. सगळं अंग लाकडी बाहुलीसारखं इकडून तिकडे कलंडत होतं. पर्यटक टाळ्या वाजवू लागले. कोणीतरी व्हिडिओ काढू लागलं. ताईला लाज वाटली नाही. एक, दोन! एक, दोन!

भिंगरीच्या कपाळावर आठी पडली.

खेळाच्या बाईला मरणही सोसतं, पण हात आणि पाय एकाच बाजूचे पुढे आलेले सोसत नाहीत. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. ताईने मुद्दाम आणखी घाण केलं, दोन्ही हात एकदम पुढे टाकले.

"डावा," भिंगरी पुटपुटली.

"काय? ऐकू नाही आलं! एक, दोन!"

"डावा पाय आधी, ताई."

"हाच ना डावा?"

"अगं तो उजवा!" भिंगरीचा आवाज चौकभर गेला. "डावा पाय, उजवा हात! कितीदा सांगायचं? पहिलीतली पोरं बरी तुझ्यापेक्षा! बघ इकडे!" आणि तिने डावा पाय उचलला. तो सहज उचलला गेला नाही. चिखलातून उपसावा तसा तो वर आला, तिच्या तोंडून कळवळ्याचा आवाज निघाला, पण आला. मग उजवा. मग हात. खाली पाय आपटला तसा पानांचा चुरा झाल्याचा करकर आवाज आला. ताईने आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात गोड आवाज होता.

"एक, दोन! गुडघा वर! ताई, मान सरळ!"

"हो बाई!"

"पुढे चल! थांबायचं नाही!"

दोघी पाय आपटत चौकातून निघाल्या. पर्यटक टाळ्यांनी ठेका देत होते, आणि फळवाली झुलता झुलता तोंडावर हात दाबून रडत होती की हसत होती, कळेना. ताईने जाता जाता कॅमेरा स्टँडसकट खांद्यावर मारला आणि शटर चालता चालताच मिटलं. तटापाशी आल्यावर भिंगरीचा पाय अडखळला, आणि ती हमसून हमसून रडू लागली. नवऱ्याचं नाव घेऊन, मोठ्याने, सगळ्यांदेखत. हिवाळ्यापासून अडलेलं सगळं बाहेर आलं. ताईने तिला जवळ घेतलं. पण थांबू दिलं नाही. दोघी रडत रडत चालतच राहिल्या.

८

गाडीत बसल्यावर भिंगरीने दोन पुडे बिस्किटं खाल्ली, खिडकी उघडली, बंद केली, समोरच्या आजोबांना बसण्याची ढब कशी चुकीची आहे ते सांगितलं. मालकांना ताईने निरोप धाडला होता की फोटो काही साधले नाहीत, दुसरं कोणी बघा. त्यांनी कारण विचारलं नाही.

गाव मागे पडल्यावर ताईने कॅमेरा काढला. शेवटचा फोटो तिने अजून पाहिला नव्हता. पुसून टाकावा, असं ठरवूनच तिने तो उघडला, तर भिंगरी खांद्यावरून डोकावली.

धंद्याच्या दृष्टीने तो ताईच्या हातून निघालेला सगळ्यात भिकार फोटो होता. उजेड जास्त झालेला, एक कोपरा हिसक्याने वाहून गेलेला. झाडाखाली एक जाडा आणि एक बारीक असे दोन नुसते फराटे. नाक नाही, डोळे नाहीत, दोन चेटकिणी भांडताना निघाव्यात तसे. ताईला त्या फराट्यांचं इतकं कौतुक वाटलं की तिने काचेवरून बोट फिरवलं.

फराट्यांच्या शेजारी ती उभी होती. करडी, रेखीव, कपड्याची चुणी न चुणी स्पष्ट. पण आता ती पाठमोरी नव्हती. चेहरा आणि खांदे तेवढे हलून पुसट झाले होते, पोट धरून हसणाऱ्या माणसाचे होतात तसे. हे ताईने हजारो वेळा पाहिलेलं होतं. तिच्या बदकाने हसवलेली गिऱ्हाइकं अशीच बिघडत.

"ही हसलीय," ताई हळूच म्हणाली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्या काट्यामागून, काय सांगावं, थोडा अभिमानही.

"तुझी कवायत बघून कोण नाही हसणार?" भिंगरी म्हणाली. ती फोटोवर आणखी वाकली. कपाळावर पुन्हा ती आठी आली. मग तिने बोट ठेवलं ते त्या बाईच्या पायांवर. उजवा पाय जमिनीवर घट्ट होता. डावा गुडघ्यापासून खाली धूसर झाला होता.

"बघ," खेळाची बाई म्हणाली. "हिला पहिल्याच दिवशी जमलं. डावा आधी."